घरी बीअर बनवण्याची साधनं: काय आधी घ्यावं, काय उशिरा आणि काय घेऊच नये

घरी बीअर बनवायला लागलेली माणसं पहिला मोठा खर्च बहुतेक वेळा स्टीलच्या केटलवर, म्हणजे उकळायच्या मोठ्या भांड्यावर, करतात. दुकानात नजर तिच्यावरच जाते, आणि उकळण्याचा दिवस सगळ्यात धामधुमीचा असल्यामुळे पैसे तिथेच लागत असतील असं वाटतं. पण त्या दिवसाच्या शेवटी हातात असतं ते माल्टचं, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचं, गोड आणि हॉप्स नावाच्या फुलांनी कडवट झालेलं पाणी. त्याला वर्ट म्हणतात. त्याची बीअर यीस्ट करतं, पुढच्या दोन आठवड्यांत, झाकण बंद असताना. बीअर बिघडते ती बहुतेक वेळा याच काळात. म्हणून माझं ठाम मत आहे की पैसा आधी आंबवण्याच्या बाजूला लावावा, नंतर मोजमापाच्या, आणि उकळण्याच्या बाजूला सगळ्यात शेवटी.

सुरुवातीलाच कायद्याचं सांगते. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी दारू तयार करणं १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे आणि त्यात बीअरही आली. त्यामुळे हा लेख अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया अशा ठिकाणी राहणाऱ्या, घरी बीअर करण्याची मुभा असलेल्या मराठी वाचकांसाठी आहे. इंग्लंडमध्ये परवान्याची अट १९६३ साली गेली. अमेरिकेत जिमी कार्टर यांनी ऑक्टोबर १९७८मध्ये सही केलेल्या कायद्याने वाट मोकळी झाली. तिथे एका प्रौढ माणसाला वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा जास्त प्रौढ असलेल्या घराला २०० गॅलन बीअर करता येते, पण विकता येत नाही. घरी दारू गाळणं, म्हणजे डिस्टिलेशन, या दोन्ही देशांत परवान्याशिवाय बेकायदाच आहे.

पुढची सगळी मापं १९ लिटरच्या, म्हणजे पाच अमेरिकन गॅलनच्या घाण्याची आहेत. अमेरिकेत किट आणि पाककृती बहुधा याच मापाच्या मिळतात.

पहिली खरेदी: दोन बाटल्या रसायनं आणि एक फवारणी

सगळ्यात उपयोगी साधन कोणतं असं मला कुणी विचारलं, तर मी सॅनिटायझरचं नाव घेते. धुणं आणि निर्जंतुक करणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि त्यांना दोन वेगळे पदार्थ लागतात. धुण्यासाठी पीबीडब्ल्यू नावाची पावडर किंवा बिनवासाचं सोडियम परकार्बोनेट कोमट पाण्यात घालून भांडं अर्धा तास भिजत ठेवा. वाळलेला यीस्टचा थर आपोआप सुटतो, घासावं लागत नाही. त्यानंतर, वापरण्याच्या अगदी आधी, स्टार सॅनसारखं आम्लयुक्त सॅनिटायझर. मळलेल्या पृष्ठभागावर सॅनिटायझर काम करत नाही, त्यामुळे क्रम उलटा करून चालत नाही.

स्टार सॅनचं प्रमाण १९ लिटर पाण्याला साधारण ३० मिलिलिटर आहे. दर वेळी एवढं द्रावण करायची गरज नसते. औषधाच्या सिरिंजने दीड मिलिलिटर मोजून घ्या, ते लिटरभर डिस्टिल्ड पाण्यात मिसळा आणि फवारणीच्या बाटलीत भरून ठेवा. डिस्टिल्ड पाण्यातलं द्रावण कित्येक आठवडे टिकतं, जड पाण्यातलं लवकर गढूळ होतं. फवारा, एक-दोन मिनिटं थांबा, वापरा. मागे राहिलेला फेस धुऊ नका, तो बीअरला काही करत नाही आणि धुतलंत तर नळाच्या पाण्यातले जंतू परत येतील. मूळ अर्क मात्र तीव्र असतो. हातमोजे घाला आणि दगडी ओट्यावर सांडू देऊ नका.

ब्लीच स्वस्त म्हणून वापरू नका. थोडंसं जरी मागे राहिलं तरी माल्टमधल्या घटकांशी त्याचा संयोग होऊन बीअरला दवाखान्यातल्या औषधासारखा वास येतो. शिवाय ब्लीच आणि आम्लयुक्त सॅनिटायझर एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो. दोन्ही घरात असतील तर वेगवेगळ्या कपाटांत ठेवा.

तोच औषधी वास नळाच्या पाण्यात जंतू मारायला घातलेल्या क्लोरामीनमुळेही येतो. अमेरिकेतल्या अनेक शहरांत पाण्यात ते असतं आणि उकळून सहज जात नाही. त्यावर उपाय कॅम्पडेनच्या, म्हणजे सल्फाइटच्या, गोळीचा. एक गोळी सुमारे ७५ लिटर पाण्याला पुरते, म्हणजे आपल्या घाण्याच्या पाण्याला अर्धीसुद्धा पुष्कळ झाली. कुटून पाण्यात टाका, ढवळा, काही मिनिटांत काम होतं. इतक्या कमी पैशांत चवीत इतका फरक पाडणारं दुसरं काही माझ्या माहितीत नाही.

फर्मेंटर: साधी बादली घ्या, काचेपासून लांब राहा

फर्मेंटर म्हणजे बीअर आंबवायचं भांडं. अन्नासाठी चालणाऱ्या प्लॅस्टिकची, साधारण २५ ते ३० लिटरची, झाकणाची बादली पहिल्यांदा घ्या. १९ लिटर बीअरवर फेसाला जागा हवी, म्हणून मोठी. रुंद तोंडाची पारदर्शक पीईटी बरणी थोडी महाग पडते, पण आत हात घालून पुसता येतं आणि आत काय चाललंय ते दिसतं. दोन्हींचा नियम एकच: तारेची किंवा खरखरीत घासणी लावायची नाही. चऱ्यांत जंतू बसतात आणि तिथून काढणं कठीण जातं. चरे पडलेली बादली पाणी साठवायला ठेवा आणि नवी आणा.

काचेचा कार्बॉय, म्हणजे अरुंद तोंडाची मोठी बरणी, दिसायला देखणा असतो आणि जुन्या पुस्तकांत त्याचीच चित्रं आहेत. तरीही मी तो कुणालाच सुचवत नाही. रिकामाच सहा-सात किलोचा, भरला की पंचवीस किलोंच्या वर, तोंड अरुंद, आणि आपले हात सॅनिटायझरने निसरडे झालेले. हातातून सुटला तर काचेचे मोठे धारदार तुकडे होतात. अशा कार्बॉयने हाताच्या नसा आणि स्नायुबंध कापले गेल्याच्या घटना या छंदात वारंवार घडल्या आहेत. भेट म्हणून मिळाला तरी उचलायचा पट्टा लावल्याशिवाय हलवू नका, आणि गरम वर्ट तर त्यात कधीच ओतू नका.

एअरलॉक, म्हणजे वायू बाहेर सोडून हवा आत न येऊ देणारी झाकणावरची झडप, तीन भागांचा घ्या, उघडून धुता येतो. बादलीच्या झाकणातून पुष्कळदा वायू निसटतो, त्यामुळे बुडबुडे दिसले नाहीत म्हणजे आंबणं थांबलं असं समजून झाकण उघडू नका. त्याबरोबर मीटरभर जाड नळी घ्या. गव्हाची बीअर किंवा जास्त साखरेचा घाणा असेल तर पहिल्या दोन दिवसांत फेस एअरलॉकमधून वर येतो आणि छिद्र बुजलं की झाकण उडतं. अशा वेळी एअरलॉकऐवजी ही नळी बसवून तिचं दुसरं टोक सॅनिटायझरच्या भांड्यात बुडवायचं.

दुसरा फर्मेंटर, ज्याला सेकंडरी म्हणतात, घेऊ नका. बीअर जुन्या यीस्टवर राहिली तर चव बिघडते ही भीती मोठ्या कारखान्यांतल्या उंच टाक्यांतून आली. तिथे तळाच्या यीस्टवर प्रचंड दाब असतो. आपल्या बादलीत तीन-चार आठवडे काही होत नाही. उलट बीअर एका भांड्यातून दुसऱ्यात घेताना हवा लागते, हॉप्सचा सुवास मरतो आणि काही आठवड्यांत ओल्या पुठ्ठ्यासारखी चव यायला लागते. फळं घालून महिनोन्महिने मुरवायची बीअर असेल तेव्हाच त्याचा विचार करावा.

स्टीलचा शंकूच्या आकाराचा फर्मेंटर सुंदर असतो, आणि हवा न लागू देता बीअर थेट केगमध्ये, म्हणजे दाबाखाली बीअर साठवायच्या स्टीलच्या पिंपात, नेता येते हा त्याचा खरा फायदा आहे. पण केग नसेल तर तो फायदाच मिळत नाही. तळातून यीस्ट काढता येण्याचं जे कौतुक होतं, त्याचा १९ लिटरला फारसा उपयोग नाही.

तापमान: पैसा इथे लावा

यीस्ट काम करताना उष्णता सोडतं. खोली २१ अंश सेल्सिअस असेल तर जोरात आंबणारी बीअर आतून २४-२५ अंशांवर असू शकते. एल आणि लागर हे बीअरचे दोन मुख्य प्रकार. बहुतेक एल यीस्टला १८ ते २० अंश मानवतात, लागरच्या यीस्टला १० ते १२. तापमान फार वर गेलं की यीस्ट नकोसे जड अल्कोहोल बनवतं. घशाला जळजळ होते, नेलपॉलिशसारखा वास येतो, आणि मग कितीही मुरवलं तरी ते जात नाही. उत्तम माल्ट, ताजे हॉप्स, महागडी केटल, सगळं वाया जातं. पहिले तीन दिवस सगळ्यात नाजूक असतात. चवीचे हे घटक बहुतांशी तेव्हाच बनतात.

पैसे न घालता करायचा उपाय असा. मोठ्या टबात पाणी घ्या, त्यात फर्मेंटर ठेवा, त्याला पंचा गुंडाळून त्याचं टोक पाण्यात सोडा. हवा कोरडी असेल तर पंखा लावा. सकाळ-संध्याकाळ बर्फ झालेली एक-एक बाटली टबात टाकत जा. एवढ्याने तापमान चार-पाच अंशांनी खाली येतं. बादलीला बाहेरून चिकटवायची थर्मामीटरची पट्टी अगदी थोड्या पैशांत मिळते, ती घ्या.

उष्ण गावात राहत असाल तर यीस्टच बदलता येतं. पश्चिम नॉर्वेच्या शेतघरांत पिढ्यान्पिढ्या जपलेली क्वाइक नावाची यीस्ट आहेत. त्यांतलं व्हॉस ३० ते ४० अंशांत छान काम करतं आणि संत्र्यासारखा सुवास देतं. टेक्सास किंवा ॲरिझोनाच्या उन्हाळ्यात हा फार मोठा आधार आहे.

छंद चालू ठेवायचा असं ठरलं की मग जुना फ्रीज आणि तापमान-नियंत्रक घ्या. माझ्या मते ही या छंदातली सगळ्यात शहाणी खरेदी आहे. इंकबर्डसारख्या नियंत्रकाला दोन सॉकेट असतात, एकात फ्रीज लावायचा आणि दुसऱ्यात ऊब देणारा पट्टा. हिवाळ्यात गॅरेज गार पडतं तेव्हा पट्ट्याचाही उपयोग होतो. जोडणी अशी करा:

१. तापमान मोजणारी तार फर्मेंटरच्या बाजूला, बीअरच्या पातळीच्या खाली, चिकटपट्टीने लावा आणि तिच्यावर फोमचा तुकडा दाबून बसवा. तार हवेत लोंबत ठेवली तर नियंत्रक फ्रीजमधली हवा मोजतो, बीअर नाही.

२. १९ अंश लावा आणि अर्ध्या ते एका अंशाची सूट द्या. सूट कमी ठेवलीत तर फ्रीज आणि पट्टा आळीपाळीने चालू-बंद होत राहतील.

३. कंप्रेसर बंद झाल्यावर पुन्हा सुरू होण्याआधी किमान पाच मिनिटांचं अंतर ठेवा. नाहीतर तो लवकर जातो.

४. तीन-चार दिवसांनी फेस ओसरला की तापमान दोन अंश वाढवा. उरलेली साखर यीस्ट संपवतं आणि लोण्यासारखा वास देणारं डायअॅसिटिलही शोषून घेतं.

जुना फ्रीज बघायला जाताना फर्मेंटरच्या तळाएवढा गोल पुठ्ठा कापून न्या आणि एअरलॉकसकटची उंचीही मोजून घ्या. अनेक फ्रीजमध्ये मागे खालच्या बाजूला कंप्रेसरचा उंचवटा असतो आणि बादली तिथे अडते. वरून उघडणारा चेस्ट फ्रीझर जागा छान देतो, पण २५ किलोंचा फर्मेंटर काठावरून आत उतरवावा लागतो. पाठीचा त्रास असेल तर उभा फ्रीजच घ्या.

मोजमाप

हायड्रोमीटरशिवाय बाटल्या भरू नका. आंबण्याआधीची आणि नंतरची घनता त्यावर कळते, आणि दोन्हींच्या फरकाला १३१.२५ने गुणलं की अल्कोहोलची टक्केवारी साधारण मिळते. १.०५०वरून १.०१०वर आली तर ५.२५ टक्के. पण त्याचं खरं काम सुरक्षेचं आहे. दोन-तीन दिवसांच्या अंतराने घेतलेली दोन मापं अगदी सारखी आली तरच आंबणं संपलं. साखर उरलेली असताना बाटली बंद केली तर आत दाब वाढून ती फुटू शकते. हायड्रोमीटर नाजूक असतो, शक्य असेल तर दोन घ्या. नवा आणल्यावर त्यावर छापलेल्या तापमानाच्या साध्या पाण्यात १.००० दाखवतो का ते बघा.

प्रकाशाच्या वळण्यावरून साखर मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरला दोन थेंब पुरतात म्हणून तो मोहात पाडतो. उकळण्याच्या दिवशी तो खरंच सोयीचा आहे. मात्र अल्कोहोल तयार झाल्यावर तो चुकीचं माप दाखवतो आणि गणिताने दुरुस्त करावं लागतं. हायड्रोमीटर असताना तो नंतर घेतला तरी चालेल. बीअरमध्ये तरंगत राहून फोनवर घनता पाठवणारी उपकरणं पाहायला छान आहेत, त्यांच्यामुळे बीअर मात्र सुधारत नाही.

थर्मामीटर चटकन दाखवणारा डिजिटल घ्या. माल्ट भिजवताना ६५ आणि ६९ अंशांत मोठा फरक पडतो: कमी तापमानाला बीअर कोरडी होते, जास्तीला अंगाने भारी आणि गोडसर. कुटलेल्या बर्फाच्या पाण्यात शून्य येतं का हे अधूनमधून तपासा. केटलला बसवलेले काट्याचे थर्मामीटर पुष्कळदा दोन-तीन अंश चुकतात, त्यांच्यासाठी जादा पैसे देऊ नका. वजनकाटा स्वयंपाकघरातला चालेल, पण हॉप्ससाठी ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा हवाच.

आम्लता मोजणारा पीएच मीटर पहिल्या वर्षी घेऊ नका. स्वस्त मीटर लवकर भरकटतात, त्यांचा दांडा विशिष्ट द्रावणात ओला ठेवावा लागतो, दर वेळी जुळवावा लागतो. मॅशचा, म्हणजे गरम पाण्यात भिजवलेल्या माल्टचा, पीएच ५.२ ते ५.६ हवा हे खरं, पण शहराचा पाण्याचा अहवाल घेऊन गणिताने त्याच्या पुष्कळ जवळ जाता येतं.

उकळण्याची बाजू: घरात काय आहे ते आधी बघा

गणपतीच्या जेवणावळीसाठी किंवा मंडळाच्या कार्यक्रमासाठी आणलेलं मोठं स्टीलचं पातेलं परदेशातल्या बऱ्याच मराठी घरांत असतं. वीस लिटरचं असेल तर दहा लिटरचा घाणा त्यात आरामात होतो आणि स्वयंपाकघरातल्या शेगडीवर उकळतोही. सुरुवात तिथूनच करा. मसाल्याचा वास राहिलेलं अ‍ॅल्युमिनियमचं भांडं तेवढं टाळा. लांब दांड्याचा झारा, सांडशी आणि चाळणीसुद्धा घरचीच चालते.

धान्यापासून बीअर करायची तर 'ब्रू इन अ बॅग' ही ऑस्ट्रेलियातून आलेली पद्धत सगळ्यात सुटसुटीत. केटलमध्ये बारीक जाळीची पॉलिस्टरची पिशवी लावायची, तिच्यात दळलेलं माल्ट तासभर भिजवायचं, पिशवी वर उचलून निथळवायची, आणि त्याच भांड्यात उकळायचं. तीन भांडी, पंप आणि नळ्यांची मांडणी लागतच नाही. १९ लिटरसाठी अशी केटल ३८ ते ४० लिटरची हवी. चक्का बांधायचं मलमल इथे वापरू नका. पाच किलो धान्य भिजल्यावर आठ-नऊ किलोंच्या घरात जातं आणि कापड गरम असतानाच फाटलं तर भाजेल. त्याच मलमलची पुरचुंडी हॉप्ससाठी मात्र छान.

माल्ट भिजवणं आणि उकळणं एकाच भांड्यात करणारी विजेवरची यंत्रं घ्यायची का, हे तुम्ही कुठे राहता त्यावर ठरतं. इंग्लंड-ऑस्ट्रेलियातल्या सॉकेटला यंत्र झटपट उकळी आणतं. अमेरिकेतल्या १२० व्होल्टच्या साध्या सॉकेटवर साधारण १५०० वॉटच मिळतात, त्यामुळे मॅशनंतर उकळी यायला पाऊण-एक तास लागू शकतो. २४० व्होल्टची सोय नसेल तर प्रोपेनचा बर्नर बरा, पण तो उघड्यावरच. गॅरेजचं दार उघडं ठेवूनही आत लावू नका, कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो.

वर्ट गार करायला तांब्याची किंवा स्टीलची साधी बुडवायची गुंडाळी पुरते. उकळी संपायच्या पंधरा मिनिटं आधी भांड्यात सोडली की ती उकळत्या वर्टनेच निर्जंतुक होते. वर्ट पातळ पत्र्यांमधून नेऊन गार करणारा प्लेट चिलर घेऊ नका. त्याच्या अरुंद फटींत हॉप्सचा चोथा अडकतो आणि आत काय राहिलंय ते उघडून बघता येत नाही. दळण्याची गिरणीही थांबू शकते, दुकानदार माल्ट दळून देतात. कोरडं यीस्ट वापरत असाल तर यीस्ट ढवळत वाढवायची स्टर प्लेट आणि ऑक्सिजनची नळकांडी दोन्ही नकोत. ११ ग्रॅमच्या पाकिटात साधारण ताकदीच्या १९ लिटरला पुरेसं यीस्ट असतं.

बाटल्या भरताना

यासाठी तीन वस्तू: पंप करून सुरू होणारा ऑटोसायफन, टोकाला झडप असलेली भरायची नळी, आणि बाटलीला झाकण बसवायचा, टेबलावर ठेवून दाबायचा कॅपर. दोन दांड्यांचा हातकॅपर स्वस्त असतो, पण काही बाटल्यांच्या गळ्यावर नीट बसत नाही आणि जोर दिला की गळा तुटतो. बाटल्या तपकिरीच घ्या. हिरव्या-पांढऱ्या काचेतून उजेड जाऊन हॉप्सचा कुबट वास सुटतो. झाकण पिळून उघडायच्या बाटल्याही टाळा.

वायूसाठी साखर वजनाने मोजा, चमच्याने नाही. १९ लिटरला साधी साखर ११० ग्रॅमच्या आसपास. थोड्या पाण्यात उकळून गार करा, ती निर्जंतुक केलेल्या दुसऱ्या रिकाम्या बादलीत आधी घाला आणि बीअर तिच्यावर हलकेच सोडा, म्हणजे फार न ढवळता मिसळते. एक बाटली प्लॅस्टिकची भरा. ती दाबून बघितली की वायू किती झाला ते कळतं.

केग

बाटल्या धुण्याचा कंटाळा येऊन अनेक जण हा छंद सोडतात, म्हणून जमेल तेव्हा केगकडे वळा. वापरलेला १९ लिटरचा कॉर्नेलियस केग, अडीच-एक किलोचं कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर, रेग्युलेटर आणि तीन मीटर बारीक नळी एवढं लागतं. नळी आखूड घेतली तर ग्लासभर फेसच येतो. वापरलेला केग आणल्यावर त्याची सगळी रबरी कडी बदला, जुन्यांत सोड्याचा वास मुरलेला असतो. ३ अंशांच्या फ्रीजमध्ये ११-१२ पीएसआय दाबावर आठवडा-दहा दिवसांत बीअर नीट फसफसते.

रेग्युलेटरवर काटकसर नको. सिलिंडर कायम उभं आणि बांधून ठेवा, आणि बंद तळघरात किंवा झोपायच्या खोलीत ठेवू नका. गळती झाली तर हा वायू खाली साचतो आणि त्याला वास नसतो. नवी जोडणी केली की प्रत्येक सांध्यावर सॅनिटायझरचा फेस फवारा. बुडबुडा फुगला तर तिथून वायू जातोय. तो सांधा घट्ट करा, पुन्हा फवारा, आणि मगच फ्रीजचं दार लावा.